ओझेला टिलरीची तीन वर्षं

पाच घरांनी सह्या केल्या होत्या. शाळा उघडली त्या सकाळी मात्र एकच मुलगी आली, ती ओझेला टिलरी.

१९६५ सालचा उन्हाळा होता. अलाबामातल्या हार्लन क्रॉसिंगमध्ये काळ्यांची शाळा नदीच्या अलीकडे आणि गोऱ्यांची पलीकडे, हे कोणी ठरवलं ते कोणाला आठवत नव्हतं, इतकं जुनं होतं. त्या वर्षी वरून हुकूम आला की मुलाला कुठल्या शाळेत घालायचं ते आईबापांनी ठरवावं. तसा कागद घरोघर आला. कागदावर खूण करणं सोपं होतं. पण आठवडाभरात एकाच्या मालकानं कुंपणाशी उभं राहून नुसतं विचारलं, "पोराला पलीकडे घालतोयस म्हणे?" तेवढं पुरलं. दुसऱ्याला घर खाली करायला सांगितलं. तिसऱ्याच्या अंगणात कोणीतरी कुत्रा मारून टाकला. चौथ्यानं कारणही सांगितलं नाही. एका संध्याकाळी येऊन तो ओझेलाच्या बापाला, होसिया टिलरीला म्हणाला, "ब्रदर टिलरी, मला नाही रे झेपत," आणि टोपी हातात चुरगाळत निघून गेला.

होसियाची सॉ मिलमधली नोकरी त्याआधीच गेली होती. मुकादमानं "उद्यापासून येऊ नकोस" म्हटलं, होसियानं का म्हणून विचारलं नाही. एक जुना ट्रक होता. त्यात कागदगिरणीसाठी लाकडं भरून न्यायची, त्यावर घर चालायचं.

ओझेलाची आई अर्लीन पहिल्यापासून विरुद्ध होती. गावातल्या ब्लेडसो कुटुंबाकडे ती स्वयंपाकाला होती आणि जेवणाच्या टेबलाभोवती वाढताना जे कानावर पडायचं ते तिला पुरेसं होतं. "माझ्या पोरीला पुस्तकं मिळणार की दगड?" ती म्हणायची.

पण ओझेलालाच जायचं होतं. नदीअलीकडच्या शाळेत रसायनशास्त्राचं कपाट होतं, त्यात दोन परीक्षानळ्या आणि एक मेलेली पाल. मास्तर बिचारे फळ्यावर खडूनं नळी काढायचे आणि म्हणायचे, "आता हे निळं झालं असं समजा." ओझेलाला समजायचं नव्हतं. बघायचं होतं.

पहिल्या दिवशी तिला सोडायला तिचा मोठा भाऊ ल्युशस गेला. ल्युशस एकोणीस वर्षांचा, उंच, सतत काहीतरी गुणगुणणारा. तिला तो "प्रोफेसरीणबाई" म्हणायचा. शाळेच्या पायऱ्यांवर गर्दी होती. शेरीफचा माणूस गाडीला टेकून दात कोरत होता.

"ऐक," ल्युशसनं गिअरवरचा हात न काढता सांगितलं, "कोणाच्या डोळ्यांत बघू नकोस. कपाळाकडे बघ. त्यांना वाटेल बघतेय, आणि तुला काहीच दिसणार नाही."

"आणि तू?"

"मी? मी इथं बसून प्रार्थना करतो की हा ट्रक परत सुरू होऊ दे."

ती हसली आणि हसत हसतच उतरली. दहा पावलांवर पहिलं अंडं तिच्या खांद्यावर फुटलं.

पुढचे काही आठवडे तसेच गेले. बाकावर टाचण्या, वहीवर शाई, जिन्यात मागून धक्का. घरी जाऊन ती गुपचूप कपडे धुवायची. मग ऑक्टोबरमध्ये केव्हातरी हे सगळं एकाएकी थांबलं. त्या दिवशी तिला वाटलं, सुटले. दोन दिवसांनी तिच्या लक्षात आलं की काहीतरी दुसरंच सुरू झालंय. कोणी तिच्याकडे बघत नव्हतं. तिनं "एक्स्क्यूज मी" म्हटलं तर कोणी हलत नव्हतं, आणि ती थांबून राहिली की मुली आपल्या वेळेनं बाजूला व्हायच्या, जसं काही वारा आला. जेवणाच्या खोलीत ती ज्या टेबलाशी बसेल तिथली मुलं ट्रे उचलून दुसरीकडे जायची, घाई न करता, आपल्या गप्पा न तोडता. इंग्रजीच्या मिस प्रॉक्टर हजेरी घ्यायच्या तेव्हा स्विनी या नावानंतर एकदम अपशॉ यायचं. टिलरी गाळलेली. ओझेला तरी हात वर करायची. मिस प्रॉक्टर खिडकीबाहेर बघायच्या.

कोणी ठरवलं, कुठं ठरवलं, हे तिला कधीच कळलं नाही.

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मुलं जोडीजोडीनं उभी राहायची. तिला मास्तरांनी शेवटचं टेबल दिलं. स्वतंत्र बर्नर, स्वतंत्र नळ्यांचा स्टँड, सगळं एकटीचं. मोरचुदाच्या फिकट पाण्यात अमोनियाचे थेंब सोडायचे होते. तिनं सोडले. आधी गढूळ झालं, मग बघता बघता नळीभर असा गडद निळा रंग चढला की तिच्या तोंडून "अगं बघ!" निघालंच. मान वर करून तिनं इकडे तिकडे पाहिलं. सगळ्यांच्या पाठी होत्या. नळी उजेडात धरून ती पुष्कळ वेळ एकटीच बघत राहिली.

संध्याकाळी घरी आल्यावर पहिलं वाक्य बोलायला गेली की तिचा आवाज घोगरा यायचा. दिवसभर न वापरलेला असायचा तो.

"सर्दी झालीय का तुला?" आई विचारायची.

"झालीय थोडी."

त्या वर्षी ओझेलाला फारच सर्दी होत होती.

रविवारी माउंट ऑलिव्ह चर्चमध्ये मात्र ती सगळ्यांची लाडकी. रेव्हरंड तिचं नाव घेऊन प्रार्थना करायचे. म्हाताऱ्या बायका तिचे हात धरून म्हणायच्या, "पोरी, तू आमच्या सगळ्यांसाठी तिथं बसली आहेस हं." त्यांना काय सांगणार? त्यांच्यासाठी बसलेल्या मुलीला कोणी साधं "आज गार आहे नाही?" असंही म्हणत नाही, हे त्या बायकांना सांगायचं म्हणजे त्यांनी तिच्या हाती दिलेलं काहीतरी जमिनीवर टाकण्यासारखं होतं. ती "होय मॅम" म्हणायची.

आणि डेल्फीन. डेल्फीन तिची लहानपणापासूनची मैत्रीण, कॉयरमध्ये शेजारी उभी राहणारी. पहिल्या हिवाळ्यात तिनं विचारलं, "काय गं, तिकडे सोन्याच्या बाकांवर बसवतात का?"

"नाही गं. बाकं सारखीच."

"मग परत का येत नाहीस? आम्ही वास मारतो?"

"डेल्फीन!"

"नाही, मी आपलं विचारलं. आमच्या बॅंडला यंदा नवे ड्रम आलेत. तुला कोण सांगणार म्हणा, तू आता पलीकडची."

डेल्फीन वाईट नव्हती. तिला राग आला होता, आणि राग येण्याचं कारणही होतं, मैत्रीण न विचारता निघून गेली होती. पुढच्या रविवारी ती कॉयरमध्ये दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली. आता नदीच्या दोन्ही काठांवर ओझेलाच्या शेजारची जागा मोकळी होती.

१९६६ च्या वसंतात ल्युशसला सैन्यभरतीचं बोलावणं आलं. ट्रेनिंग संपवून, व्हिएतनामला निघण्यापूर्वी, तो सुट्टीवर घरी आला. डोकं भादरलेलं, कान मोठे दिसत होते. दोघं कॅटफिश धरायला नदीवर गेली. त्यानं गळ टाकला, गवतात आडवा झाला आणि म्हणाला, "माझं सोड. माझ्या आजूबाजूला निदान शंभर जण असतील. तुझ्याशी कोण बोलतं तिथं?"

तिनं पाण्याकडे पाहिलं.

"खरं सांग, प्रोफेसरीणबाई."

"आहे ना एक," ती म्हणाली. "लिनेट नावाची."

लिनेट हॉलिस होती खरी. तिच्या पुढच्या बाकावर बसायची. शाळा सुरू झाल्यापासून ओझेला तिची मान बघत होती. उजव्या कानामागे तीळ होता. वहीच्या कडेला ती घोडे काढायची, नेहमी पाय चुकायचे. सँडविच खाताना आधी कडा खायची. बापाचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. हे सगळं ओझेलानं ल्युशसला सांगितलं, आणि जरा जोडून सांगितलं: घोड्यांचे पाय कसे काढायचे ते लिनेट मला विचारते, प्रयोगाच्या वेळी कधी कधी माझ्या टेबलाशी येते.

"बघ, म्हटलं नव्हतं?" ल्युशस उठून बसला. "शंभरात एक तरी माणूस निघतंच. बरं झालं. आता मी तिकडे सुखानं मच्छर मारीन."

रात्रीच्या जेवणाला त्यानंच आईला सांगून टाकलं. अर्लीनच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. तिनं ओझेलाच्या ताटात कॉर्नब्रेडचा मोठा तुकडा वाढला. "एकदा घेऊन ये गं तिला."

"तिचे वडील नाही सोडणार."

"ते खरंच म्हणा."

मग लिनेट घरात राहायलाच आली. आज लिनेट काय म्हणाली, आई विचारायची. ओझेला सांगायची. ल्युशसच्या पत्रात शेवटी एक ओळ असायची, "लिनेटला हॅलो सांग, इथल्या म्हशींचे पाय मी चांगले काढतो म्हणावं." ती ओळ वाचून ओझेला दुसऱ्या दिवशी शाळेत जायची आणि त्या तिळाकडे बघत बसायची. एकदा, फक्त एकदा, तिनं हळूच म्हटलंही, "लिनेट." पुढच्या मानेवरचे केस हलले नाहीत.

१९६७ च्या मार्चमध्ये शाळेचा जुना फुटबॉल कप्तान रॉय डेल स्ट्रिकलंड व्हिएतनाममध्ये मारला गेला. मुख्याध्यापक वॉडेल यांनी आवारातला झेंडा अर्ध्यावर उतरवला. सगळी शाळा बाहेर रांगेत उभी राहिली, बॅंडमधल्या मुलानं ट्रंपेट वाजवला, मध्येच त्याचा सूर फाटला. ओझेला शेवटच्या रांगेच्या शेवटी छातीवर हात ठेवून उभी होती. रडलीही. रॉय डेलनं पहिल्या वर्षी तिच्या पाठीवर पाणी ओतलं होतं, तरी रडली. आठवडाभर झेंडा अर्ध्यावर होता.

नोव्हेंबरमधल्या एका शनिवारी अर्लीन अंगणात कपडे वाळत घालत होती. सैन्याची गाडी रस्त्यावरून वळून आत आली. त्यातून उतरलेल्या दोघांना ती तोंडातला चिमटा न काढताच म्हणाली, "घर चुकलंय तुमचं."

"मिसेस टिलरी?"

"नाही," ती म्हणाली. "पुढच्या वळणावर विचारा."

ओझेला दारात आली होती. तिनंच पुढं होऊन ऐकून घेतलं.

ल्युशसला माउंट ऑलिव्हच्या मागे पुरलं. सैनिकांनी शवपेटीवरचा झेंडा घडी घालून अर्लीनच्या मांडीवर ठेवला. लोक घरी आले, ताटं झाकून घेऊन आले, बसले, गेले. डेल्फीनही आली, स्वयंपाकघरात न बोलता भांडी घासून गेली. शेवटी ओटा पुसताना ओझेलाला कपाटात एक अख्खा पाउंड केक दिसला, कापडाखाली.

"हा का नाही काढलास?"

"तो तुझ्या मैत्रिणीसाठी ठेवलाय," अर्लीन म्हणाली. "आज गर्दीत नाही आली, बरोबरच आहे. पण एकटी येईल ती. ल्युशस इतकी आठवण काढायचा तिची."

ओझेलानं फडकं खाली ठेवलं.

"आई, ती नाही येणार."

"बापाला चोरून येईल."

"नाही येणार. ती माझ्याशी बोलत नाही, आई. कोणीच बोलत नाही."

"केव्हापासून? भांडलात?"

"पहिल्यापासून. कधीच नाही बोललं कोणी. मीच सांगायचे बनवून."

होसिया बाहेर पायरीवर बसला होता, त्याची पाठ जाळीच्या दारातून दिसत होती. अर्लीन खुर्चीवर बसली. तिनं विचारलं, "आणि ल्युशसला?"

"त्याला बरं वाटावं म्हणून."

अर्लीन उठली, केक काढला, सुरी घेतली आणि जाडजूड फोड कापून ओझेलापुढे ठेवली. "खा," म्हणाली. स्वतःसाठीही एक कापली. दोघी समोरासमोर बसून, एकमेकींकडे न बघता, खात राहिल्या.

सोमवारी ओझेला शाळेत गेली. झेंडा खांबाच्या टोकाला होता. तिला वाटलं, कळलं नसेल अजून. मंगळवारी गावच्या वर्तमानपत्रात ल्युशसचा गणवेशातला फोटो आला, आतल्या पानावर का होईना. बुधवारीही झेंडा वरच होता. गुरुवारी सकाळी शेती क्लबच्या मुलांनी तो नेहमीसारखा चढवला, दोर बांधला आणि आत गेली. ओझेलानं पुस्तकं गवतावर ठेवली, दोर सोडला आणि हळूहळू झेंडा अर्ध्यापर्यंत खाली आणला. गाठ मारली. पुस्तकं उचलून वर्गात जाऊन बसली.

पहिल्या तासालाच बोलावणं आलं. वॉडेल टेबलाच्या कडेला टेकून उभे होते. माणूस तसा आवाज न चढवणारा.

"कोणाच्या परवानगीनं केलंस?"

"कोणाच्याच नाही, सर."

"झेंडा ही खेळायची गोष्ट आहे का?"

"माझा भाऊ व्हिएतनाममध्ये गेला, सर. मागच्या आठवड्यात पुरला."

"ऐकलं मी. वाईट वाटलं." त्यांना खरंच वाटलं असावं, त्यांनी चष्मा काढून पुसला. "पण रॉय डेलची गोष्ट वेगळी होती. तो या शाळेचा विद्यार्थी होता."

"ल्युशसला यायचं होतं या शाळेत," ओझेला म्हणाली. "तेव्हा घेत नव्हतात तुम्ही."

इतकं लांब वाक्य ती त्या इमारतीत प्रथमच बोलली होती. आवाज फाटला, पण पुरा बाहेर आला.

वॉडेल यांनी शिपायाला हाक मारली. क्लीओफस ग्रँट, माउंट ऑलिव्हचाच माणूस, नदीअलीकडचा, दारात येऊन उभा राहिला.

"क्लीओफस, झेंडा नीट कर."

क्लीओफसनं मान खाली घातली, मग खांदा चोळला. "सर, हा हात सकाळपासून वर जातच नाही बघा."

"काल तर कपाट उचललंस तू."

"त्यानंच झालं असेल, सर."

वॉडेल त्याच्याकडे बघत राहिले. त्यांनी दुसऱ्या कोणाला सांगितलं नाही, स्वतःही गेले नाहीत. ओझेलाला तीन दिवस शाळेबाहेर काढल्याचं सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत ऑफिसच्या बाकावर बसायला लावलं. बाकासमोर खिडकी होती. दुपारपर्यंत झेंडा अर्ध्यावर फडफडत होता. वर्गावर्गातून मुलं बघत होती. जेवणाच्या सुट्टीनंतर शेती शिकवणारे मास्तर तणतणत बाहेर आले आणि दोर ओढून त्यांनी तो टोकाला नेला. अर्धा दिवस. ल्युशसला शाळेनं तेवढा दिला, तोही न देता.

त्या संध्याकाळी ब्लेडसोबाईंनी अर्लीनला विचारलं, "अर्लीन, तुझ्या मुलीनं हे काय चालवलंय?"

"शाळेत जाते ती, मॅम."

"तिला समज दे जरा. आम्ही तुला घरच्यासारखं वागवतो."

अर्लीननं ओव्हनमधला रोस्ट बाहेर काढला, वर रस घातला, झाकण ठेवलं. मग ॲप्रन सोडून खुंटीला लावला आणि मागच्या दारानं घरी आली. पुन्हा गेली नाही.

तीन दिवस संपल्यावर होसिया ओझेलाला सोडायला निघाला, तेव्हा अर्लीन हातात घडीची खुर्ची, डबा आणि शिवणाची पिशवी घेऊन ट्रकमध्ये चढून बसली.

"तू कुठं?" होसियानं विचारलं.

"शाळेत."

शाळेसमोर, रस्त्याच्या पलीकडे, पेकानचं झाड होतं. ती जागा शाळेची नव्हती, सरकारी रस्त्याची होती. अर्लीननं तिथं खुर्ची मांडली, गोधडीचे तुकडे मांडीवर घेतले आणि शिवायला लागली. थोड्या वेळानं शेरीफचा माणूस गाडी हळू करून थांबला.

"काय करतेयस इथं?"

"बसलेय, सर."

"कोणाची वाट बघतेस?"

"जेवणाच्या सुट्टीची."

त्याला यावर काय कायदा लावावा ते सुचलं नाही. घंटा झाली. ओझेला रस्ता ओलांडून आली. दोघींनी झाडाखाली डबा उघडला. अर्लीननं विचारलं, "आज काय शिकवलं?" आणि ओझेला, सवय नसल्यामुळे अडखळत, सांगू लागली.

त्यानंतर अर्लीन रोज येत राहिली. डिसेंबरात घोंगडी लपेटून आली. पाऊस असला की छत्री. होसिया म्हणायचा, "अगं, लाकडं उचलायला माणूस हवाय मला, आणि तू झाडाखाली बसतेस." ती म्हणायची, "लाकडांना एकटं वाटत नाही." एप्रिलमध्ये मेंफिसची बातमी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी, डॉक्टर किंगना मारल्याच्या दुसऱ्या दिवशी, वर्गात मागून कोणीतरी टाळ्या वाजवल्या. ओझेला उठली, वर्गाबाहेर आली, फाटकातून बाहेर आली, रस्ता ओलांडला. अर्लीननं शिवण बाजूला ठेवून तिला जागा केली. त्या दिवशी ती परत आत गेलीच नाही आणि कोणी बोलवायलाही आलं नाही. खिडक्यांतून तिच्या वर्गातल्या मुली बघत होत्या. त्यांत लिनेट होती की नव्हती, ओझेलानं पाहिलं नाही.

मे महिन्यात फुटबॉलच्या मैदानावर पदवीदानाचा समारंभ झाला. ओझेलाच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या मोकळ्या ठेवल्या होत्या. तिचं नाव पुकारलं, यावेळी गाळता येणार नव्हतं. ती चालत मंचावर गेली आणि मैदानात कोणी खोकलं नाही इतकी शांतता होती. कुंपणाबाहेरून मात्र टाळ्या आल्या. माउंट ऑलिव्हची माणसं तारेला धरून उभी होती. डेल्फीन दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारत होती. क्लीओफस ग्रँट दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवत होता.

त्या शरद ऋतूत ओझेला मॉंटगमरीला नर्सिंग शिकायला गेली. सगळ्या मुली काळ्याच. वसतिगृहात तिच्या खोलीत मोबील गावची एक मुलगी होती, जिमी लू प्रुइट, गुबगुबीत आणि अखंड बोलणारी. सकाळी डोळे उघडायच्या आधी तिचं तोंड उघडायचं. वॉर्डातल्या पेशंटबद्दल, मेट्रनच्या मिशांबद्दल, मोबीलच्या खेकड्यांबद्दल ती बोलत सुटायची. ओझेला "हो" म्हणायची, "नाही" म्हणायची. जेवायला ती आपोआप कोपऱ्यातल्या टेबलाकडे वळायची. कोणी येऊन शेजारी बसलं की ताटाकडे बघत भराभर खायची. आपण उत्तर द्यायचंय हे तिच्या उशिरा ध्यानात यायचं, आणि येईपर्यंत समोरची दुसऱ्या कोणाशी तरी बोलायला लागलेली असायची. महिन्याभरात जिमी लूनं मेट्रनकडे तक्रार केली. "मला दुसरी खोली द्या. ही मुलगी स्वतःला कोण समजते?"

मेट्रननं दोघींना समोर उभं केलं. "टिलरी, तुझं काय म्हणणं आहे?"

ओझेलाला खूप म्हणायचं होतं. "काही नाही, मॅम," ती म्हणाली.

जिमी लूनं खोली बदलली नाही, कारण दुसरी खोली रिकामी नव्हती. ती दोन आठवडे फुगून बसली आणि ते दोन आठवडे ओझेलाला सगळ्यांत जड गेले. गोऱ्यांच्या शाळेतली शांतता तिनं झेलली होती. ही तिची स्वतःची होती. एका रविवारी दुपारी जिमी लू खिडकीशी बसून केस विंचरत होती. ओझेला पलंगावर बसून, तिच्या पाठीकडे बघत, काही ठरवल्यासारखं म्हणाली, "माझा एक भाऊ होता."

जिमी लूची फणी थांबली. ती वळली. "होता?"

"ल्युशस. तिकडे गेला, व्हिएतनामला."

"अगं बाई," जिमी लू म्हणाली. फणी तशीच केसांत ठेवून ती उठून पलंगाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसली. "कसा होता गं?"

कुठून सुरुवात करावी ते ओझेलाला कळेना, म्हणून जे आधी आलं तेच सांगितलं.

"गाणी म्हणायचा. सगळी चुकीच्या चालीत."